सागवानी माडीवर पाण्याचं पीयू: मे महिन्यात बिघडलेलं काम आणि ते सुधारायची वेळ

प्रश्न: नागपूरच्या धरमपेठेत आमचं जुनं घर आहे. माडीवर आजोबांच्या काळातल्या सागवानी फळ्यांची जमीन आहे. यंदा मे महिन्यात ती घासून पाण्याच्या पीयूचे, म्हणजे पाण्यावर आधारलेल्या पॉलियुरेथेन पॉलिशचे, दोन हात मारून घेतले. आता सगळीकडे बारीक फोड दिसतात आणि पायाला खरखर लागते. दर पाच-सहा फळ्यांनंतर एक मोठी फट पडली होती आणि सांध्यांवर पांढऱ्या रेषा उमटल्यात. देवघराच्या कोपऱ्यात पॉलिश धरलंच नाही, गोल गोल खड्डे पडले. दारापाशी तर पापुद्रा सुटतोय. महालक्ष्म्यांच्या आधी पुन्हा करून घ्यायचंय. कोणत्या कंपनीचा डबा आणू?

उत्तर:

ताई, महालक्ष्म्यांच्या आधी करू नका. बाकीचं उत्तर वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं ऐका. भाद्रपदात नागपूरची हवा जशी असते, तिच्यात मी स्वतःच्या घरचं काम काढणार नाही. दिवाळी होऊ द्या, फराळाचे डबे रिकामे होऊ द्या, मग मशीन आणा.

मी या धंद्यात आलो तो लकडगंजात आरा मशीनवर फळ्या उचलायला. पुढे एका पॉलिशवाल्याच्या हाताखाली लाख आणि स्पिरिटचं काम शिकलो, मग मेलामाइन आलं, मग पीयू, आणि आता बरीच वर्षं पाण्याचं पीयू. बिघडलेली कामं पाहायला लोक बोलावतात तेव्हा पहिला प्रश्न तुमचाच असतो, डबा कोणता वापरायला हवा होता. मी उलट विचारतो, कोणत्या महिन्यात मारलं आणि दिवसाच्या किती वाजता. तुमच्या तक्रारींपैकी निम्म्या एवढ्यावरच उलगडतात.

पाण्याचं पीयू डब्यात दुधासारखं दिसतं, आणि ते असतंही काहीसं तसंच. दुधात स्निग्धाचे कण तरंगतात तसे इथे पाण्यात पीयूचे अतिबारीक कण तरंगत असतात. सोबत थोडं सावकाश उडणारं द्रावक असतं. जमिनीवर हात मारला की पाणी उडून जातं, कण एकमेकांना चिकटतात, आणि मागे राहिलेलं द्रावक त्यांना मऊ करून एकजीव करतं. त्यातून सलग पारदर्शक पडदा तयार होतो. सगळी मेख या क्रमात आहे. पाणी आधी जायला हवं, द्रावक मागून.

मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. पाणी इतक्या घाईने उडतं की कणांना पसरायला, जुळायला वेळच मिळत नाही. वरची साय आवळते आणि रोलरने आत गेलेली हवा तिच्याखाली अडकते. तुमचे बारीक फोड म्हणजे तेच. पावसाळ्यात नेमकं उलट होतं. हवेतच इतकं पाणी असतं की फळीवरचं पाणी हलत नाही, आणि द्रावक आधी निघून जातं. मग कण जुळवणार कोण? पडदा भुरकट राहतो, आठवडा झाला तरी नखाने ओरखडा उठतो. म्हणून मेमधल्या चुकीची दुरुस्ती भाद्रपदात करू नका म्हणतो. एका खड्ड्यातून निघून दुसऱ्यात पडाल.

बहुतेक कंपन्या १८ ते २७ अंश तापमान आणि साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मागतात. आपल्याकडे ही हवा दिवाळीनंतर सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत टिकते. त्यातही डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० अंशांवर येतो, माडीची जमीन सकाळी गारठलेली असते, तेव्हा दहा-अकराच्या आधी डबा उघडू नये. संध्याकाळी चारनंतर शेवटचा हात मारू नये. डबा आदल्या रात्री त्याच खोलीत आणून ठेवावा. डब्याचं आणि फळीचं तापमान सारखं असलं की निम्मी कटकट टळते. स्वस्तातला असो की महागातला, एक आर्द्रतामापक खोलीत टांगून ठेवा. अंदाजाने हवा ओळखणारे मिस्त्री मी पाहिलेत, मीही त्यांतलाच होतो.

एक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचं काम नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांच्या, तोंडावर घेतलं. मालकांना घाई, मला पैशांची गरज. गर्मी फार म्हणून मी खोलीत कूलर लावला. मला वाटलं, हवा गार होईल, काम सोपं जाईल. कूलरने गारवा दिला, पण ओल्या वाऱ्याचा झोत थेट ओल्या हातावर. कूलरसमोरच्या पट्ट्यात पडदा पांढुरका पडला, लांबच्या भिंतीपाशी फोड आले, आणि मधे गवताच्या ताटीतला कचरा चिकटून बसला. एकाच खोलीत तीन जमिनी झाल्या. सगळी घासून पुन्हा केली, अर्थातच माझ्या खर्चाने. तेव्हापासून कूलर, खसची ताटी, ओलं कापड टांगणं हे काहीही मी ओल्या जमिनीजवळ फिरकू देत नाही. एसी चालतो, कारण तो हवा गार करताना तिच्यातलं पाणीही काढतो. फक्त त्याचा झोत जमिनीवर पडू नये.

आता फटी आणि पांढऱ्या रेषा. हे तुमच्या तक्रारीतलं सगळ्यात नागपुरी दुखणं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

लाकूड मेलं तरी पाणी पिणं सोडत नाही. हवा दमट झाली की फळी रुंदीत फुगते, कोरडी झाली की आकसते. सागवान यात सगळ्यात शहाणं लाकूड आहे, म्हणून तर आलापल्लीच्या सागाला इतकं नाव. तरीही, आडव्या चिरेच्या सागवानी फळीतला ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.२ टक्के बदलते. चार इंची, म्हणजे १०० मिलिमीटरची फळी धरा. मे ते ऑगस्ट तिच्या ओलाव्यात ५ टक्क्यांचा फरक पडला तर ती १ मिलिमीटरने हलली. आता तुमच्या खोलीच्या रुंदीत ३६ फळ्या असतील तर कागदावर हा हिशेब साडेतीन सेंटिमीटरवर जातो. प्रत्यक्षात खिळे थोडं धरून ठेवतात, जुनं लाकूड थोडं कमी हलतं, पण मुंबई-पुण्याच्या मानाने आपल्याकडे ही ये-जा मोठीच. तिकडची माणसं सांगतात ते सगळं इथे लागू होत नाही.

पाण्याचं पीयू चिवट असतं आणि ते फळ्यांमधल्या सांध्यात उतरतं. तिथे ते डिंकासारखं वागतं, पाच-सहा फळ्या एकमेकींना चिकटवून टाकतं. मग फळ्या आकसायला लागल्या की प्रत्येक सांधा थोडाथोडा उघडण्याऐवजी चिकटलेला गठ्ठा एकत्र ओढला जातो आणि जिथे पकड कमी तिथे एकच मोठी फट पडते. पांढरी रेषाही त्याच घरची. सांध्यावरचा पडदा फाटत नाही, ताणला जातो, आणि ताणलेलं प्लास्टिक पांढरं दिसतं. दुधाच्या रिकाम्या पिशवीचा कोपरा ओढून पाहा, कळेल.

तुमच्याकडे हात मारला मे महिन्यात, त्यामुळे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गठ्ठे ओढले गेले असणार. आता पावसाळ्यात त्या फटी बऱ्याच मिटल्याही असतील, बघा. मिटल्या म्हणून खूश होऊ नका, पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी परत येतील. आणि एक कळकळीची विनंती, कुणी ‘फटी लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून देतो’ म्हटलं तर नाही म्हणा. फट सगळ्यात रुंद असते तेव्हा ती कडक लांबीने भरली की पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जायला जागा उरत नाही. मग फळी वर उचलते. महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात मी दिवाणखान्याच्या मधोमध अशी पाठ काढलेली जमीन पाहिली आहे, खाली मांजर झोपलंय असं वाटावं इतकी. तिथे फटी भरल्या होत्या एप्रिलमध्ये.

यावर उपाय पहिल्या हातात असतो. उघड्या लाकडावर सरळ टॉप कोट, म्हणजे वरचा हात, मारायचा नाही. आधी सीलर, म्हणजे लाकूड बंद करणारा पहिला हात, मारायचा, आणि तोही सांधे चिकटवणार नाही असा. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर हे लिहिलेलं असतं, नसेल तर विक्रेत्याला विचारा. सीलर रोलरने ओतप्रोत मारू नये, पातळ ओढावा, म्हणजे सांध्यात कमी उतरतो. आणि काम अशा महिन्यात करावं जेव्हा फळी ना पूर्ण फुगलेली असते, ना पूर्ण आकसलेली. नोव्हेंबर नेमका तसा असतो. फुगण्या-आकसण्याच्या मध्यावर फळी थांबवली की दोन्हीकडे थोडी थोडी हलते, सांध्यावर ताण निम्मा येतो. आधी आलेल्या पांढऱ्या रेषा मात्र वरून हात मारून जात नाहीत. त्या घासूनच काढाव्या लागतील.

पायाला खरखर लागते त्याचं कारण साधं आहे. पाण्याचा पहिला हात बसला की लाकडाचे बारीक रेशे उभे राहतात. हे होणारच, ती चूक नाही. चूक ही की त्यांना तसंच ठेवून वर दुसरा हात मारला. पहिला हात वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने किंवा बारीक नायलॉन पॅडने हलकंसं घासायचं, तळहात फिरवून पाहायचा, मग पुढे जायचं. सागवानावर मी कधी कधी आधीच ओल्या फडक्याने फळी दमट करून रेशे उठवून घेतो, वाळल्यावर घासतो, मग सीलर. एक दिवस जातो, पण हात फिरवला की काचेसारखं लागतं.

घासायला लोखंडी लोकर कधीही घेऊ नका. तिचे तुकडे फळीच्या रेषांत अडकतात, पाणी लागलं की गंजतात, आणि महिनाभरात जमिनीवर काळे-तांबूस ठिपके उमटतात. ओक किंवा बाभूळ असेल तर लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून निळा-काळा डागच पडतो. लाख पॉलिशच्या काळातली ही सवय जुन्या कारागिरांच्या हातातून जाता जात नाही. त्यांच्या हातून लोकर काढून घ्यायला मला वाईट वाटतं, पण काढून घेतो. तसंच मेणाचा हात दिलेलं चिकट फडकं धूळ टिपायला वापरू नका, आणि पांढरी पूड लावलेला, न भरणारा पॉलिश पेपर दोन हातांच्या मधे टाळा. त्या पुडीतलं स्टीअरेट मागे राहिलं की पुढचा हात जागोजागी आकसतो.

देवघराचा कोपरा. हे वाचताच मला हसू आलं, कारण जुन्या घरात हे हमखास निघतं. पन्नास-साठ वर्षं तिथे समई लागली असेल. तेल फळीत खोलवर मुरलंय. वरून घासलं की लाकूड स्वच्छ दिसतं, पण पाण्याचा हात पडला की तेलाला पाहून तो बाजूला सरतो आणि गोल खड्डा पडतो. धंद्यात याला माशाचा डोळा म्हणतात. फर्निचरवर मारायच्या चकचकीत स्प्रेमधलं सिलिकॉनही हेच करतं, त्यामुळे टीपॉयवर कधी तसा स्प्रे मारला असेल तर त्याखालच्या जमिनीचीही चौकशी करा.

या कोपऱ्यासाठी घाई नको. आधीचं पॉलिश खरवडून लाकूड उघडं करा. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा, फडकं प्रत्येक वेळी बदलायचं, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे फिरतं. फडकं पिवळं येणं थांबेपर्यंत. मग मुलतानी माती टर्पेंटाइनमध्ये घट्ट कालवून अर्धा इंच थर थापा, वर प्लास्टिक झाका, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढा, माती पूर्ण वाळू द्या. वाळताना ती तेल वर ओढून घेते. दोनदा-तीनदा करावं लागेल. खिडक्या उघड्या ठेवा, आणि देवघर तात्पुरतं दुसरीकडे हलवा, टर्पेंटाइनच्या वाफेजवळ दिवा नको. ही फडकी आणि माती घरात गोळा करून ठेवू नका. तेलाची फडकी चुरगळून ढिगाऱ्यात पडली की आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. बाहेर उघड्यावर पसरून वाळवा, मग टाका.

एवढं करून कोपऱ्यावर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्या. साधा चपडा नको, त्यात नैसर्गिक मेण असतं आणि पीयू त्याला धरत नाही. मेण काढलेली लाख वेगळी मिळते. ती तेलाला खाली कोंडते आणि वरच्या हाताला पकड देते. माझ्याकडे असे कोपरे दहापैकी आठ-नऊ वेळा सुटलेत. उरलेल्या वेळी मी सरळ सांगितलं की त्या दोन फळ्या बदला.

दारापाशी पापुद्रा सुटतोय म्हणजे तिथे जुनं मेण किंवा जुनं पॉलिश राहिलं होतं, किंवा पहिला आणि दुसरा हात यांच्यात बरेच दिवस गेले आणि मधे घासलं नाही. हे बाकी जमिनीवरही झालंय का, ते आधी तपासा, कारण त्यावर सगळा खर्च ठरतो. ब्लेडने २-३ मिलिमीटरच्या अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, लाकडापर्यंत. वर चांगला चिकट टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकटीतले तुकडे टेपबरोबर आले तर सगळं घासून लाकूड उघडं करावं लागेल. एकही आला नाही तर १५० नंबरने फोड सपाट करून, मॅट करून वर नवे हात देता येतील. खोलीत चार-पाच जागी करा, पलंगाखाली एक आणि वर्दळीत एक. तुमचं वर्णन ऐकून मला वाटतं, सगळी घासावी लागेल. पांढऱ्या रेषांसाठी तरी लागेलच.

मग काम असं होईल. आधी ओलावामापकाने फळ्या मोजा. साधारण ८ ते १२ टक्के आला तर सुरू करा, आणि फळ्याफळ्यांत फार तफावत नको. तुमची माडी आहे, खाली सिमेंट नाही, म्हणून एक काळजी कमी. तळमजल्यावर काँक्रीटवर लाकूड असेल तर काँक्रीटचा ओलावाही बघावा लागतो. दीड फूट चौकोनी प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर, किमान १६ तास ठेवायचं, सकाळी आत दव दिसलं किंवा फरशी काळी पडली तर थांबायचं.

वर आलेले खिळे पंचने खाली ठोका, नाहीतर मशीनचा पट्टा फाटेल. ४० किंवा ६० नंबरने सुरुवात, मग ८०, मग १०० किंवा १२०. मधला नंबर गाळला की आधीचे ओरखडे पीयूखाली भिंगातून पाहावेत तसे दिसतात. आणि १५० च्या पुढे उघडं लाकूड घासू नका, फळी तुकतुकीत होते, मग पॉलिशच्या हाताला पकड राहत नाही. जुन्या घरात फळ्यांना कधी तेलरंग दिलेला असेल तर त्यात शिसं असू शकतं, त्याची धूळ कोरडी उडवू नये. पोरांना त्या दिवसांत मामाकडे पाठवा. भुशाची पिशवी मशीनवर भरलेली सोडून घरी जायचं नाही, तीही आतून तापते.

धूळ काढण्यात मी घासण्याइतकाच वेळ घालवतो. व्हॅक्यूम दोनदा, भिंतीच्या कडांतून, खिडकीच्या चौकटीतून, पंख्याच्या पात्यांवरून. पंख्याची पाती विसरतात आणि मग तासाभराने पंखा लावला की वर्षभराची धूळ ओल्या जमिनीवर येते. शेवटी नुसत्या दमट मायक्रोफायबरने पुसा. सागवानात स्वतःचंही तेल असतं, म्हणून हात मारायच्या थोडं आधी स्पिरिटने एकदा पुसून, वाळू देऊन त्याच दिवशी सीलर मारा. घासलेलं सागवान आठवडाभर उघडं ठेवलं की तेल पुन्हा वर येतं, शिवाय त्यावर चपलांचे ठसे पडतात ते वेगळेच.

डबा हलवायचा नाही. खोकल्याच्या औषधासारखा हलवला की फेस होतो आणि तो फेस जमिनीवर येतो. चपट्या काठीने तळापासून सावकाश ढवळा. मॅट किंवा सॅटिनमध्ये चमक कमी करणारी पूड तळाशी बसते. ढवळलं नाही तर पहिली खोली चकचकीत आणि शेवटची खडूसारखी होते. नायलॉनच्या जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळून घ्या. हार्डनर लागणारा डबा असेल तर लिहिलंय तेवढंच आणि तेवढ्याच वेळापुरतं मिसळा. मिसळल्यावर तो दोन-चार तासांत निकामी होतो, पातळ दिसत असला तरी. हार्डनरला हातमोजे आणि योग्य मास्क लागतो, तोंडाला बांधलेला रुमाल नाही. आणि डिस्टेंपरसारखं पाणी घालून वाढवायचं नाही. उकाड्यात वाळणं लांबवायला त्याच कंपनीचं द्रव्य मिळतं, ते मोजून घालतात.

१ लिटर एका हाताला साधारण १० ते १२ चौरस मीटर पुरतं. म्हणजे ओला थर सुमारे ०.१ मिलिमीटर, आणि वाळून उरतो त्याचा तिसरा हिस्सा. सीलर आणि वर तीन हात केले तरी सगळं मिळून माणसाच्या केसाच्या जाडीइतकं. तुमच्याकडे दोनच हात झालेत, त्यात एकही सीलर नाही. पैसे वाचवायला एकच जाड हात मारणं हा उपाय नाही. जाड हात वरून वाळतो, खाली दुधाळ राहतो.

रोलर मायक्रोफायबरचा, आखूड लवेचा. वापरायच्या आधी त्यावर टेप गुंडाळून ओढा, सुटे धागे निघून जातात. मग पाण्यात भिजवून घट्ट पिळा. कडांना नायलॉनचा ब्रश, कारण केसांचा ब्रश पाण्यात फुगून फतकल मारतो. पंखे बंद, खिडक्या बंद, आणि खिडकीतून उन्हाचा चौकोन जमिनीवर पडत असेल तर काचेला वर्तमानपत्र लावा. त्या चौकोनात वेगळाच रंग येतो. दारापासून सगळ्यात लांबच्या भिंतीपासून सुरू करा, फळीच्या लांबीच्या दिशेने, भिंत ते भिंत, न थांबता. आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यावर चढला पाहिजे. म्हणून दोन माणसं लागतात, एक कडा मारणारा, एक रोलरवाला. फोन बाहेर ठेवायचा, दारावरची बेल बंद. जिथे थांबाल तिथे रेघ राहील. राहून गेलेली जागा दहा मिनिटांनी दिसली तर तशीच सोडा. अर्धवट वाळलेल्यावर पुन्हा रोलर फिरवला की ती संत्र्याच्या सालीसारखी होते, आणि नागपुरात राहून ही चूक करणं बरं दिसत नाही. राहिलेली जागा पुढच्या हातात भरून निघते. बॅटरी जमिनीला टेकवून आडवा उजेड पाडत राहा, चुकलेलं लगेच दिसतं.

अर्धा-पाऊण तासाने, वरचा थर बसला की खिडक्या थोड्या उघडायच्या. पुढचा हात साधारण २ ते ४ तासांनी, पण घड्याळावर जाऊ नका. २२० ने घासल्यावर पांढरी पूड निघाली तर वाळलंय, कागद गच्च भरून गुठळ्या झाल्या तर अजून थांबा. दिवसाला दोन हातांपेक्षा जास्त मारत नाही मी.

रंगाबद्दल एक इशारा. तेलाच्या पीयूमुळे जुन्या सागाला मधासारखा सोनेरी रंग येतो, पाण्याच्या पीयूने तो येत नाही. लाकूड कोरडं असताना दिसतं त्याच्या जवळपास राहतं. घरातल्या मोठ्यांना हे फिकं वाटतं आणि मग कारागिराला बोल लागतो. सोनेरी हवं असेल तर रंगाचा सीलर घ्या, आणि पलंगाखाली हातभर जागेवर सगळे हात मारून आधी बघा.

शेवटच्या हातानंतर २४ तासांनी मोजे घालून चाला. पलंग-कपाट तीन दिवसांनी, उचलून, ओढत नाही, पायांखाली फेल्ट लावून. सतरंजी, गालिचा किमान दोन आठवडे टाकू नका. वास गेला म्हणजे पीयू पक्कं झालं असं नसतं, आत कडक होणं चालूच असतं. पुसायला घट्ट पिळलेलं फडकं आणि सौम्य साबणाचं द्रावण. फिनेलचं बादलीभर पाणी ओतून पोछा मारणाऱ्या बाईंना तुम्ही स्वतः समजावून सांगा, कारागिराचं त्या ऐकत नाहीत. रांगोळी लाकडावर थेट नको. ती दगडाची पूड आहे, पायाखाली आली की पॉलिश पेपरचंच काम करते. पाट मांडा, त्यावर काढा.

आता यंदाच्या महालक्ष्म्यांचं. पापुद्रा सुटलेली दारापाशीची जागा प्लास्टिकच्या पट्टीने हलकी खरवडून घ्या, म्हणजे पाहुण्यांच्या पायाला लागणार नाही. उघड्या पडलेल्या लाकडावर काही लावू नका, मेण तर नाहीच. देवघराच्या कोपऱ्यात समईखाली पितळी ताट ठेवा, नवं तेल मुरणं थांबवा. वर दोन सतरंज्या टाका आणि सवाष्णी जेवू घाला. मधल्या काळात ती ब्लेड आणि टेपची चाचणी करून ठेवा, आणि दिवाळीनंतर फळ्यांचा ओलावा तीन जागी मोजा. एक माप देवघराच्या कोपऱ्यात, एक दारापाशी, एक पश्चिमेच्या खिडकीखाली. ते तीन आकडे आणि टेपचा निकाल मला कळवा, मग डब्याचं बोलू.